तारेची खांदमळणी

माझ्या माळवदाच्या कोपऱ्यातील वेळूपासून परसातल्या कडुलिंबापर्यंत ताणलेली तांब्याची तार मी कोणाच्याही सांगण्यावरून उतरवली नाही, हे आरंभीच नमूद करणे आवश्यक समजतो. हिंगोलीतील काही मंडळी आजही असे बोलतात की, कचेरीच्या पेशकार साहेबांनी मला ती उतरवावयास लावली आणि माझा रेडिओ त्यांच्या क्लबात गेला. हे सपशेल खोटे आहे. ज्याला खातरजमा करावयाची असेल त्याने माझ्या घरी यावे. तार जागेवर आहे, तिचा सांधा शाबूत आहे, आणि तो शाबूत कसा राहिला हे मला सांगता येते. कारण ते काम माझ्या अकलेने झालेले आहे.

मी अर्जीनवीस. तहसील कचेरीच्या आवारात एक जुना वड आहे, त्याच्या बुंध्याशी माझी बैठक होती. खाली सतरंजी, पुढे उतरती पेटी, पेटीत दौत, बोरू, आणि लखोटे बंद करण्यासाठी लाखेची कांडी. कचेरीची जबान उर्दू आणि फिर्यादीची जबान शेतातली. या दोहोंच्या मध्ये मी. एखादा माणूस तासभर रडून सांगे ते मी चार ओळींत असे बसवीत असे की, वाचणाऱ्या अंमलदाराने खुर्चीत सरळ व्हावे. माझी शाळा अर्ध्यावर सुटली हे खरे आहे. पण ज्यांची पूर्ण झाली असे शाळामास्तरसुद्धा आपल्या बदलीचा अर्ज माझ्याकडूनच लिहवून नेत, हेही तितकेच खरे आहे.

रेडिओ माझ्याकडे आला तो छावणीतील एक अधिकारी बदलून जाताना. लाकडी पेटीचा, बॅटरीवर चालणारा संच. त्याचा रीतसर परवाना मी माझ्या नावे करून घेतला. लोकांना वाटले, मुन्शीला मोठेपणाची हौस. हौस होतीच, नाकारीत नाही. पण पेटी घरात येण्याचे खरे कारण माझा थोरला भाऊ होता.

दादा जवळा बाजारच्या बाजूला आमच्या वडिलार्जित गावी शेती करीत असे. दोन्ही डोळ्यांत फूल पडले आणि दृष्टी गेली. शेत बटईने लागले, बैल विकावे लागले, वहिनी आधीच वारली होती. म्हणून मी त्याला हिंगोलीस आणले. आल्यापासून तो ओसरीतल्या बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडून असे. जेवायला हाक मारली तर “ठेव” म्हणे. ताट तसेच राही. ज्या माणसाचा आवाज शिवारात एका बांधावरून तिसऱ्या बांधावर ऐकू जाई, तो माझ्या घरात घसा खाकरतानासुद्धा भीत भीत खाकरे. वैद्य झाले, हकीम झाले. दोघांनीही नाडी बरी आहे असे सांगितले. नाडी बरी असून माणूस जाऊ शकतो, हे मी तेव्हा पाहत होतो.

पेटी लागली त्या सकाळी मुंबईहून भजन चालले होते. दादाने कूस बदलली. मग उठून बसला. भजन संपल्यावर म्हणाला, “पखवाज वाजवणारा घाईचा हाय.” आठ दिवसांत त्याने न्हावी बोलावून दाढी करून घेतली, धुतलेला पटका मागितला, आणि गायकांना नावे ठेवीत दोन भाकरी खाऊ लागला. यापेक्षा अधिक पुरावा मला नको होता. पेटी बोलत राहिली तर माझा भाऊ बसता राहणार, पेटी मुकी झाली तर तो पुन्हा भिंतीकडे वळणार, इतका सरळ हा मामला होता.

त्या वर्षी पोळ्यानंतर पेटी मुकी होऊ लागली.

एकदम नाही. आधी खरखर. वारा सुटला की गाणे तुटे, वारा पडला की परत जुळे. मग एक सर येऊन गेली आणि आवाज असा खोल गेला की, जणू कोणी विहिरीत उतरून गात आहे. मी बॅटरी तपासली, ती नवी होती. पेटीच्या खुंट्या फिरवून पाहिल्या. शेवटी एके दिवशी नुसती सूं सूं उरली.

“मुन्शी, पेटी मुकी काहून झाली रे?” दादाने विचारले. घरात आणि गावात सगळे मला मुन्शीच म्हणत, सख्खा भाऊही.

“हवा खराब आहे, दादा.”

“हवा तं मलाबी लागून राहिली. मी कुठं मुका झालो?”

पण झाला. दोन दिवस बाजेच्या कडेला कान देऊन बसला, तिसऱ्या दिवशी आडवा झाला, आणि चौथ्या दिवशी माझ्या बायकोने त्याचे भरलेले ताट माझ्यापुढून परत नेले. ताट जरा माझ्या नजरेसमोर धरून नेले, एवढेच.

बातमी कचेरीत पोचायला वेळ लागला नाही. पेशकार म्हणजे तहसीलदारांपुढे कागद ठेवणारा अंमलदार. कोणता कागद आज पुढे यावा आणि कोणता गठ्ठ्यात मरावा, हे त्याच्या बोटांवर. वडाखाली कोण बसतो आणि कोण नाही, हेही त्याच्याच मर्जीवर. अंमलदारांच्या क्लबातला रेडिओ उन्हाळ्यात बिघडला होता आणि युद्धामुळे नवा मिळत नव्हता. पेशकार साहेब वडाखाली आले. अर्ज लिहवून घेणारे उठून उभे राहिले.

“क्या मुन्शीजी, सुना है आपका रेडिओ पर्दानशीन हो गया. आवाज चौकटीबाहेर येत न्हाई म्हणे.”

लोक हसले. मी लिहिते वाक्य पुरे केले, मग मान वर केली. “तब्येत नरम आहे, साहेब. बरा होईल.”

“क्लबात पाठवा. आमचा कारागीर हैदराबादेहून येणार आहे. मुकी पेटी घरी ठेवून काय लोणचं घालता?”

“गायी सगळ्याच मुक्या असतात, साहेब. म्हणून कोणी त्या क्लबात नेऊन बांधत नाही.”

या वेळी लोक हसले नाहीत, पण दोघातिघांनी तोंड फिरवले, ते का ते मला ठाऊक आहे. पेशकारांचा चेहरा बदलला नाही. हसत हसतच म्हणाले, “दसऱ्यापर्यंत मुदत. तोवर बोलला तर तुमचा, नाही तर क्लबाचा.”

“हा हुकूम लेखी मिळावा.”

“लेखी?” त्यांनी वडाच्या पारंबीला हात लावला. “तुम्ही इथे बसता ते कोणत्या लेखी हुकमाने, मुन्शीजी?”

ते गेल्यावर मी समोरच्या माणसाची अर्जी पुरी केली. अक्षर एकही हलले नाही. घरी मात्र सरळ माळवदावर चढलो.

तारेची रचना सांगितली पाहिजे, नाही तर पुढील हकीकत कळणार नाही. आडवी तार आकाशातून आवाज धरते. तिच्या वेळूकडच्या टोकाशी दुसरी तार जोडलेली असते, ती खाली उतरून खिडकीतून पेटीत जाते. या दोन तारांचा पिळून केलेला सांधा हेच सर्व काही. नदीला पाणी कितीही असो, पाटाच्या तोंडाशी दगड पडला तर शेत कोरडे. वेळूच्या टोकाला चकरी होती, तिच्यावरून दोरी. दोरी सोडली की तार सांध्यासकट खाली हाताशी येई.

मी दोरी सोडली. सांधा खाली आला आणि मी पाहतच राहिलो. तांबे तांबे राहिले नव्हते. मोरचुदासारखा निळा-हिरवा थर चढला होता, पिळाच्या खाचांत पिवळे काहीतरी साकळले होते, आणि मुंग्यांची रांग वेळूवरून थेट तिथवर आलेली. नाकाजवळ नेला तर आंबट, खवट वास. आकाशातून पडणाऱ्या कोणत्याही पदार्थाला असा वास येत नाही.

खाली येऊन मी बायकोला विचारले, तारेला हे लोण्यासारखे काय लागले आहे.

“लोणी व्हय?” ती म्हणाली. “पोळ्याच्या आदल्या दिवशी दादांनी वाटीभर मागितलं होतं. हळद बी. मला वाटलं, शेजारच्या बैलांच्या खांदमळणीला चालले. हात गेला नसंल राहावून.”

खांदमळणी म्हणजे काय हे आमच्याकडच्या माणसाला सांगावे लागत नाही. पोळ्याच्या पूर्वसंध्येला बैलाचे जू वाहून दमलेले खांदे ऊन पाण्याने शेकतात, हळद-लोण्याने चोळतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतन देतात. वर्षभराच्या कामाची ती पोच असते.

दादा बाजेवर जागाच होता. मी विचारण्याआधीच तोंड भिंतीकडे ठेवून म्हणाला, “शेजाऱ्याच्या बैलाला काहून चोळू? त्याला त्याचा मालक हाय. आपल्या तारेला लावलं.”

“तारेला?”

“मंग? या घरात राबतंय कोन, सांग. तू वडाखाली बसतो. पेटी ओसरीत बसती. मी तं निजूनच. उनापान्यात रातध्याड उभी कोन हाय? वाटी घेऊन माळवदावर चढलो जिन्याला हात लावत लावत, दोरी सोडली, तार हाताशी आली. चाचपलं तं खांद्यावर ही गाठ, जुवाच्या घट्ट्यावानी खडबडीत. वाईट वाटलं. कोमट पान्यानं शेकलं, हळद-लोणी चोळलं, आवतन दिलं.”

“तारेला आवतन दिलं?” बायकोने पदर तोंडाशी नेला.

“‘आज आवतन घे, उद्या जेवाया ये.’ त्यात हसण्यासारखं काय हाय? बैल तरी कुठं उत्तर देतो?”

मी त्याला समजावले की, ताकातून काढलेल्या लोण्यात आंबटपणा असतो, आणि तांब्याला आंबट चालत नाही; म्हणूनच आपण कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवीत नाही. तांबे कळकले आहे आणि त्या कळकाखाली आवाज अडला आहे. त्याने सगळे ऐकून घेतले.

“म्हंजी मीच मारली म्हन तिला.”

“मेली नाही. कळकली आहे.”

त्याने पटका डोळ्यांवर ओढला. पण त्याची पाठ मला दिसत होती. पेशकारांचा मला राग आला होता तो आता नीट जागेवर बसला. माझ्या भावाने एका राबणाऱ्या जिवाचे उपकार मानले होते, आणि त्याबद्दल त्याला भिंतीकडे तोंड करून मरू द्यायचे आणि पेटी क्लबात पत्ते पिसणाऱ्यांच्या करमणुकीला द्यायची? हे होणार नव्हते.

नवी तार आणणे हा मार्ग बंद होता. तांबे युद्धात गेले होते. नांदेडपर्यंत चौकशी केली तरी वीतभर तार मिळत नव्हती. आहे तीच सुधारावयाची. गल्लीत कल्हईवाला आला, त्याला मी माळवदावर नेले. त्याने सांधा राखेने घासला, नवसागर टाकून कथील फिरवले, आणि रुपयासारखा चकचकीत करून दिला. पावसापासून बचाव व्हावा म्हणून त्यावर मी माझ्या पेटीतील लाख वितळवून ओतली. सरकारी लखोट्यात जी हवा शिरू देत नाही ती सांध्यात पाणी काय शिरू देईल, असा माझा विचार होता.

त्या संध्याकाळी पेटी बोलली. दादा उठला. “आवाज कसा सोलून आला,” म्हणाला, आणि जेवला.

पण हस्ताचा पाऊस लागला, एक दिवस दमदार कोसळला, आणि पुन्हा तीच खरखर. मी कल्हईवाल्याला गाठले. तो म्हणाला, “मुन्शीजी, कल्हई पक्की है. तुमच्या डब्यातच भूत बसलंय.” गल्लीतली माणसे तर टपूनच होती. एक म्हणाला, “लोणी कमी पडलं असंल. औंदा तूप लावा.” दुसरा म्हणाला, “पुरणपोळी ठेवली का न्हाई तारेपुढं? आवतन दिलं अन जेवाया घातलं न्हाई, रुसणारच की.” दादा हे ओसरीतून ऐकत होता. मी दाराबाहेर जाऊन सांगितले की, ज्यांना माझ्या तारेविषयी काही निवेदन करावयाचे असेल त्यांनी ते वडाखाली येऊन लिहवून घ्यावे. अक्षर मी चांगले काढून देईन आणि खाली अंगठाही घेईन. पांगले.

मग मी कोणाला विचारले नाही. सांधा खाली घेतला, लाख फोडली. उन्हाने तिला बारीक भेगा पडलेल्या होत्या, आणि आत कथलाच्या कडेने पांढरट-हिरवा पिठासारखा थर. ओला. तिथे मला उमगले. नवसागर हा मिठाचा भाऊ. तो हवेतले पाणी ओढतो. कल्हईवाला भांडे धुऊन देतो, कारण त्यात माणूस जेवणार असतो. तारेत कोण जेवणार, म्हणून त्याने सांधा धुतला नव्हता. आणि मी त्या मिठावरच मोहोर करून ते आत कोंडले होते. याला मी चूक म्हणणार नाही, तपास म्हणतो. लखोट्यावर मोहोर शेवटी होते, आतील मजकूर एकदा वाचून झाल्यावर. हा नियम मी आयुष्यभर पाळत आलो होतो. तारेला तो लागू आहे हे तेव्हा कळले.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीस गेलोच नाही. चिंचेच्या कोळात सांधा भिजवला, पीळ पूर्ण उलगडून एकेक तार राखेने घासली, तांबे नव्या पैशासारखे लाल होईपर्यंत. नंतर ऊन पाण्याने धुतले, पुन्हा धुतले, आणि उन्हात वाळवले. तिथे अडचण आली. पीळ घट्ट बसेना. मी लिहिणारा माणूस, माझी बोटे बोरूची. मी चिमट्याने ओढाताण करीत असता मागून आवाज आला.

“मला दे.”

दादा जिना चढून आला होता. मी म्हटले, “दादा, हे नाजूक काम आहे.”

“आन नाडा वळणं काय सोपं काम हाय? कासरे कोन वळत होतं घरात, तू?”

तार त्याच्या हाती दिली. त्याने दोन्ही टोके अंगठ्याखाली धरली आणि दोर वळावा तसा पीळ दिला, एकेक वेढा दुसऱ्याला चिकटून, मध्ये नखाला शिरायला जागा नाही. मी तपासून पाहिले. मग म्हटले, “ठीक आहे.”

“ठीक आहे म्हनतो! असा पीळ तुझ्या सात पिढ्यांनी दिला न्हाई.”

“माझ्या सात पिढ्या त्याच तुझ्या.”

“म्हनून तं मला येतो.”

कल्हईवाल्याला मी पुन्हा बोलावले, पण या वेळी काम माझ्या हुकमाने झाले. नवसागर नाही; राळ. तो ऐकेना. “राळ से कल्हई बैठती नहीं, मुन्शीजी. बाप-दादांनी न्हाई केलं.” मी त्याला सांगितले, हंड्याला बसत नसेल, वीतभर तारेला बसेल, आणि नाही बसली तर बदनामी माझी. बसली. कथील पिळाच्या आत पाझरत गेले. राळ पाणी ओढत नाही, हे लहानपणी मी बैलगाडीच्या कामात पाहिलेले होते. तरीही सांधा मी पुन्हा पुसला. मग मेण आणि राळ एकत्र वितळवून त्यात जुन्या धोतराची पट्टी बुडवली आणि सांध्यावर गुंडाळली. खालून वर, कौले रचतात तशी, म्हणजे वरचे पाणी वेढ्यात न शिरता घसरून जाईल. ही कौलांची कल्पना माझी. दादा ती स्वतःची सांगतो. त्याला माझी हरकत नाही, पण इथे सत्य लिहिणे भाग आहे.

आणखी दोन गोष्टी केल्या. खिडकीत शिरणाऱ्या तारेला बाहेर एक झोळ दिला, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी येऊन खाली टपकेल, घरात येणार नाही. आणि पेटीची जमिनीकडे जाणारी तार परसात जमिनीत पुरलेल्या लोखंडी नळीला जोडलेली होती, तिचा मातीत गंजत पडलेला सांधा जमिनीच्या वर आणून त्यालाही मेणाची पट्टी केली. ती जमीन ओली ठेवावी लागते. ते काम दादाने घेतले. रोज सकाळी चूळ भरून तांब्याभर पाणी तो तिथे नेऊन घाली, आणि पाणी सांध्यावर पडू नये म्हणून नळी आधी चाचपून पाही.

दसऱ्याच्या दिवशी संध्याकाळी पाऊस भुरभुरत होता. पेशकार साहेब सोन्याची पाने घेऊन आले. बरोबर क्लबातले दोन अंमलदार आणि मागे हातगाडी घेतलेला चपराशी. हातगाडी पाहून गल्लीही जमली. मी सर्वांना ओसरीत बसवले, पाने घेतली, पाने दिली, बायकोने चहा पाठवला. पेटीत एक बाई गात होती. आवाज स्वच्छ, पाणी उतरलेल्या पूर्णा नदीसारखा. बाहेर पाऊस पडत होता आणि पेटीत त्याचा एक थेंबही नव्हता.

पेशकारांनी संबंध चीज ऐकली. त्यांना गाण्याचा कान होता, हे मान्य केले पाहिजे. “वाहवा,” म्हणाले. मग, “ये तो और भी अच्छा हुआ. क्लबात शोभेल.”

“बोलला तर तुमचा, असे आपलेच शब्द आहेत, साहेब.”

“तुमचाच. मालकी तुमची, परवाना तुमचा. बसेल फक्त क्लबात. तुम्हीही या ऐकायला. मागच्या ओळीत जागा देऊ.” एक अंमलदार हसला. पेशकार पुढे म्हणाले, “आणि ते लोण्याचं काय ऐकतो? तार को मक्खन खिलाया म्हणे कोणीतरी. कोणाची ही अक्कल?”

गल्ली दारात उभी होती. दादा बाजेवरून उठला. “साहेब, ते म्या...”

“माझी,” मी म्हटले. “या घरात जे होते ते माझ्या हुकमाने होते. लोणीही माझ्याच हुकमाने लागले.”

“न्हाई साहेब, हा खोटं...”

“दादा, पुढची चीज लागते आहे. ऐक.”

तो बसला. कोणी हसले नाही. मी पेशकारांना सांगितले की, हा माझा भाऊ ही पेटी ऐकून जेवतो. ती क्लबात गेली तर अंमलदारांची एक संध्याकाळ बरी जाईल आणि माझ्या घरातला एक माणूस जाईल. तेव्हा पेटी जाणार नाही आणि तारही उतरणार नाही. सरकारला ती हवी असेल तर सरकारने लेखी मागावी; उत्तर मी लेखी देईन, आणि माझे लेखी उत्तर कसे असते हे साहेबांना ठाऊक आहे.

पेशकार उठले. जोडे घालताना म्हणाले, “वडाची सावली मोठी आहे, मुन्शीजी. पण सरकारी आहे.”

“माझ्या ओसरीला छप्पर आहे, साहेब.”

हातगाडी रिकामी परत गेली. तिची चाके गल्लीच्या दगडांवर फार वाजली.

दसऱ्यानंतर कचेरी उघडली त्या दिवशी माझ्या जागी दुसरी सतरंजी होती. कलमनुरीकडचा एक तरुण, बोरू धरण्याची पद्धतही धड नाही. चपराशाने मान खाली घालून सांगितले, “मुन्शीजी, हुकूम आहे. तोंडी.” मी माझी लिहिण्याची पेटी काखेत मारली आणि घरी आलो. दिवाळीपर्यंत हात आखडून राहावे लागले. बायकोने दोन वेळा विचारले, “अवो, पेटीच दिली असती तं?” आणि दोन्ही वेळा दादा जेवायला बसला होता तिकडे पाहून स्वतःच गप्प झाली.

मग लोक येऊ लागले. नव्या पोराच्या अर्ज्या गठ्ठ्यात मरत, हे त्यांना कळले. आधी जवळा बाजारच्या आठवडी बाजारात, कापसाच्या गाड्यांच्या सावलीत मी बसलो. औंढ्याला यात्रा भरली तेव्हा तिथे बसलो. आणि पुढे हिंगोलीतलीच माणसे माझ्या ओसरीत येऊ लागली. अर्जी कोणाच्या हातची आहे हे पेशकारांना पहिल्या ओळीच्या वळणावरून कळत असणार. नाकारायची तर कारण लेखी द्यावे लागते, हे मी प्रत्येक फिर्यादीला पढवून पाठवीत असे. त्यांनी एकदाही नाकारली नाही.

अडचण एकच. ओसरी दादाची. कोणी बांधाचा तंटा घेऊन तावातावाने आत शिरला आणि पेटीत गाणे चालू असले, की तो हात वर करतो आणि सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतो, “टेका जरा. बाई अंतऱ्यावर आली. तुमचा बांध कुठं पळून चालला?”

आणि माणसे टेकतात. पावसाळ्यातसुद्धा, कारण तार तेव्हाही गाते.